मुंढव्याची भट्टी आणि भंगाराची परीक्षा

खराडीतून मुंढव्याकडे जाणारा पूल ओलांडायला हल्ली वाहतुकीमुळे बराच वेळ लागतो, त्यामुळे मुळा-मुठेचे दोन्ही काठ नीट न्याहाळता येतात. उत्तरेला ईऑन आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरचे काचेचे मनोरे आहेत. दक्षिणेला मुंढव्याची जुनी औद्योगिक वसाहत आहे. नीळकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेली भारत फोर्ज तिथलीच, आणि कल्याणी समूहाचाच ‘सारलोहा’ हा मिश्रपोलादाचा कारखानाही तिथलाच. खराडीचे मनोरे कालपरवाचे. ते उभे राहण्याच्या कितीतरी आधीपासून पलीकडच्या काठावर क्रँकशाफ्ट घडत होते.

या सारलोहाच्या पोलादाला डिसेंबर २०२२ मध्ये ‘कल्याणी फेरेस्टा’ असं नाव मिळालं. तेव्हाचे केंद्रीय पोलादमंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांच्या हस्ते दिल्लीत त्याचं अनावरण झालं आणि ‘भारतातला पहिला हरित पोलादाचा ब्रँड’ म्हणून त्याच्या बातम्या छापून आल्या. कंपनीचा दावा असा की विजेची आर्क भट्टी आणि नवीकरणीय वीज यांच्या जोरावर हे पोलाद बनतं, आणि टनामागे कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन ०.१९ टनापेक्षा कमी राहतं. देशातल्या पोलादाची सरासरी टनाला सुमारे अडीच टन आहे. म्हणजे हा फरक दहा पटींहून मोठा. असा आकडा कोणी सांगितला की तो कुठून येतो हे विचारलंच पाहिजे, आणि त्याचं उत्तर भट्टीत डोकावल्याशिवाय मिळत नाही.

आपल्याकडे कारखान्यातलं पर्यावरण म्हटलं की पाच जूनची वृक्षलागवड आणि गेटाजवळची हिरवळ डोळ्यांसमोर येते. झाडं लावावीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण कारखाना खरोखर बदलतो तो कच्चा माल बदलला आणि उष्णता कशातून मिळते ते बदललं की. बाकी सगळं त्यानंतर. पोलादाच्या बाबतीत तर हे अगदी लख्ख दिसतं.

खनिज लोखंड म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांची घट्ट जोडी. ही जोडी तोडायला झोतभट्टीत दगडी कोळशापासून केलेला कोक घालतात. कोकमधला कार्बन ऑक्सिजनला ओढून नेतो आणि धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. तिथे कोळसा नुसता जळण नसतो, तो रासायनिक क्रियेतला भागीदार असतो. म्हणून भट्टी कितीही कार्यक्षम केली तरी त्या वाटेने टनाला दोन टनांच्या आसपास उत्सर्जन चुकत नाही. भंगाराचं तसं नाही. त्यातला ऑक्सिजन एकदा कोणीतरी, कधीतरी काढून टाकलेला असतो. आता ते फक्त वितळवायचं आणि शुद्ध करायचं असतं.

वितळवण्याचं हे काम आर्क भट्टी करते. भट्टीचं झाकण उचलून बाजूला फिरतं. वरून भंगाराने भरलेली बादली येते, तिचा तळ उघडतो आणि कित्येक टन लोखंड एकदम आत कोसळतं. झाकण बसतं. झाकणातल्या तीन भोकांतून ग्रॅफाइटचे तीन इलेक्ट्रोड खाली उतरतात आणि इलेक्ट्रोड व भंगार यांच्यामध्ये विजेची ठिणगी पेटते. ती ठिणगी म्हणजेच आर्क. पहिली काही मिनिटं आवाज असा असतो की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. थंड, वेड्यावाकड्या भंगारावर आर्क स्थिर राहत नाही, सारखी तुटते आणि पुन्हा लागते. विजेच्या जाळ्यालाही याचे धक्के बसतात, म्हणून दाब सावरणारी वेगळी यंत्रणा ठेवावी लागते. इलेक्ट्रोड भंगारात भोक पाडत खाली गेले, तळाशी वितळलेल्या लोखंडाचं तळं साचलं की आवाज बदलतो. गडगडाट ओसरून जाड घरघर उरते. जाणता मेल्टर या आवाजावरून आत काय चाललंय ते ओळखतो.

मग खरी कारागिरी सुरू होते. चुना टाकतात, ऑक्सिजन फुंकतात, थोडी कार्बनची भुकटी सोडतात. वरची स्लॅग, म्हणजे तरंगणारी मळी, फेसाळून फुगते आणि आर्कला स्वतःत बुडवून घेते. उष्णता भिंतींवर वाया न जाता लोखंडात उतरते. स्लॅग नीट फेसाळणं ही साधी गोष्ट वाटते, पण टनामागची बरीच वीज तीच वाचवते. भंगारातलं फॉस्फरस याच वेळी चुन्याच्या स्लॅगमध्ये जातं. ही स्लॅग वेळेत ओढून टाकली नाही तर फॉस्फरस परत पोलादात उतरतं, आणि तो टप्पा पुन्हा करायचा म्हणजे पुन्हा वीज. सुमारे सोळाशे अंशांवर ‘हीट’, म्हणजे त्या खेपेचं वितळलेलं पोलाद, लेडल नावाच्या मोठ्या पात्रात ओततात. पुढे लेडल भट्टीत गंधक काढायचं, मिश्रधातू घालायचे, आणि निर्वात टाकीत विरघळलेला हायड्रोजन खेचून घ्यायचा. हायड्रोजन राहिला तर जाड तुकड्याच्या पोटात केसासारख्या चिरा पडतात. ट्रकच्या क्रँकशाफ्टमध्ये तशी चीर परवडत नाही.

इथपर्यंत सगळं रसायनशास्त्राच्या बाजूने चाललेलं असतं. अडचण तांब्याची आहे. फॉस्फरस जातं, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम ऑक्सिडाइझ होऊन स्लॅगमध्ये जातात, जस्ताची वाफ होते. तांबं मात्र कुठेच जात नाही. लोखंडापेक्षा त्याची ऑक्सिजनशी ओढ कमी, त्यामुळे कितीही फुंका, ते पोलादातच राहतं. कथिलाचंही तेच. जुन्या गाडीच्या भंगारात वायरिंगचा एक झुपका राहून गेला, एखादी छोटी मोटर राहिली, तर ते तांबं त्या हीटमध्ये कायमचं मुक्कामाला येतं.

फोर्जिंगसाठी हे तांबं खास वाईट. कारण असं की ठोकण्याआधी बिलेट, म्हणजे पोलादाचा ठोकळा, साधारण बाराशे अंशांपर्यंत तापवतात. तेवढ्या उष्णतेत पृष्ठभागावरचं लोखंड जळून त्याची खपली, म्हणजे स्केल, होते. तांबं जळत नाही. ते खपलीच्या खाली साचत जातं आणि १,०८५ अंशांना वितळतं. पातळ झालेलं तांबं पोलादाच्या कणांमधल्या सीमांत झिरपतं. वरून हातोडा किंवा प्रेस पडली की पृष्ठभाग भेगाळतो. त्यामुळे सळईसाठी चालून जाणारं भंगार क्रँकशाफ्टसाठी चालतच नाही. भंगारापासून उत्तम पोलाद बनवणं म्हणजे आधी भंगार निवडणं. हरित पोलादाची परीक्षा भट्टीच्या आधी, भंगाराच्या यार्डात होते, असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्यातलं ते सगळ्यात धुळकट, सगळ्यात कमी मानाचं ठिकाण असतं, पण निकाल तिथेच लागतो.

मुंढव्याची जमेची बाजू इथे लक्षात येते. पोलाद करणारा आणि पोलाद ठोकणारा कारखाना एकाच वसाहतीत, एकाच समूहाचे. साच्यात ठोकताना कडेने बाहेर येणारा जादा धातू, म्हणजे फ्लॅश, कापून टाकतात. फोर्जिंगमध्ये त्याचं प्रमाण बरंच असतं. हा फ्लॅश कोणत्या ग्रेडचा आहे ते ठाऊक असतं, त्यात वायर नसते, रंग नसतो. भट्टीला यापेक्षा निर्मळ भंगार मिळणं कठीण. ज्या शहरात भट्टी आणि फोर्ज शेजारी आहेत, तिथे हे चक्र बंद करणं सोपं आहे. मालवाहतूक जवळजवळ नाही आणि दलालही लागत नाहीत.

आता विजेकडे येऊ. भंगारावर चालणारी भट्टी टनाला अंदाजे पाचशे युनिट वीज खाते. आपल्या देशातल्या विजेचं एक युनिट सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, कारण ती मुख्यतः कोळशावर बनते. गुणाकार केला की टनाला सुमारे साडेतीनशे किलो होतात, आणि ते नुसते वितळवण्याचे. म्हणजे नेहमीच्या विजेवर ०.१९ टनाचा आकडा गाठणं अशक्य. वारा आणि सूर्य यांची वीज आली की हा मोठा तुकडा गळतो. जे उरतं ते जळत झिजणारे ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड, टाकलेला कार्बन, चुना आणि इंधन वायू यांचं.

पण भट्टी रात्रीही चालते आणि सूर्य रात्री नसतो. महाराष्ट्रातला वारा पावसाळ्यात भरपूर, बाकी वर्षभर बेताचा. दिवसा किंवा आषाढात जास्तीची वीज जाळ्यात सोडायची आणि गरजेच्या वेळी तेवढीच परत घ्यायची, या हिशेबाला बँकिंग म्हणतात. कागदावर तो जमतो. प्रत्यक्षात रात्री भट्टीत शिरणारी वीज बव्हंशी औष्णिक केंद्राचीच असते. यात फसवणूक नाही, नियमात बसणारा व्यवहार आहे, आणि त्यामुळे नवे सौर व पवन प्रकल्प उभे राहतात हेही खरं. तरीही साठवणुकीची सोय होत नाही तोवर ‘शंभर टक्के नवीकरणीय’ हे शब्द जपून वापरावेत.

विजेची भट्टी म्हणजे आपोआप हरित, हा गैरसमजही इथेच दूर करायला हवा. मराठवाड्यात जालन्याकडे पाहा. सळयांचं शहर म्हणून ते देशभर ठाऊक आहे आणि तिथल्या भट्ट्याही विजेवरच चालतात, फक्त त्या इंडक्शनच्या. त्यांच्यात भंगाराच्या जोडीला स्पंज आयर्न, म्हणजे खनिजातून न वितळवता काढलेलं लोखंड, घालतात, आणि आपल्या देशात ते बहुतांशी कोळशावर बनतं. धूर भट्टीच्या दारात दिसत नाही, तो आधीच दुसऱ्या गावात सोडलेला असतो. शिवाय इंडक्शन भट्टीत फॉस्फरस काढण्याची सोय जवळपास नाही, त्यामुळे जे घालाल तेच बाहेर येतं. जालन्याचे उद्योजक कष्टाळू आहेत, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चांगलं भंगार देशात पुरेसं मिळत नाही, ही खरी अडचण. केंद्राचं भंगार पुनर्वापर धोरण २०१९ मध्ये आलं आणि वाहन मोडीत काढण्याचं धोरण २०२१ मध्ये, पण आजही आपण परदेशातून जहाजं भरून भंगार आणतो.

शेजाऱ्यांचं काय? मुंढवा, केशवनगर आणि खराडीत आता हजारो सदनिका आहेत आणि त्यांच्या खिडक्या याच बाजूला उघडतात. त्यांच्यासाठी कार्बनपेक्षा धूळ महत्त्वाची. आर्क भट्टीतून टनाला पंधरा-वीस किलो बारीक धूळ निघते. तिच्यात वाफ होऊन गेलेलं जस्त असतं, शिसंही असतं, त्यामुळे ती कापडी पिशव्यांच्या गाळणीत पकडून घातक कचरा म्हणूनच हाताळावी लागते. तिच्यातून जस्त परत काढता येतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये धुराड्यातल्या कणांवरून मोठ्या कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली, ती मला या राज्यातल्या चांगल्या कामांपैकी एक वाटते. आकडा लोकांसमोर आला की सुधारणेला जोर येतो. नदीचा दोष मात्र सगळा कारखान्यांवर ढकलू नये. मुळा-मुठेला सर्वाधिक मारतं ते आपल्याच घरांतलं, प्रक्रिया न होता सोडलेलं सांडपाणी.

फोर्जिंगच्या बाजूलाही शांतपणे बरंच घडलं आहे. पूर्वी ठोकलेला क्रँकशाफ्ट थंड करायचा, पुन्हा तापवायचा, तेलात बुडवायचा आणि परत तापवायचा. प्रत्येक फेरीला इंधन लागायचं. व्हॅनेडियमचा कणभर अंश असलेलं सूक्ष्ममिश्रित पोलाद आलं आणि ठोकल्यानंतरची उष्णता न दवडता, ठरावीक वेगाने थंड करूनच हवी ती ताकद मिळू लागली. दोन-तीन भट्ट्यांचं काम गेलं, तेलाचा धूर गेला. जगभरच्या फोर्ज उद्योगाने हे केलं ते मुख्यतः पैसे वाचतात म्हणून. त्यात काही कमीपणा नाही. जो बदल खर्चातही परवडतो तोच टिकतो.

आता बाहेरून रेटाही आहे. युरोपच्या सीमेवरची कार्बन आकारणी ऑक्टोबर २०२३ पासून नोंदींच्या रूपात सुरू झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली. आपल्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली. टनाला २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर हरित, १.६ पेक्षा कमी असेल तर पाच तारे. ही मर्यादा मला सैल वाटते. भंगारावरची भट्टी ती झोपेतही पाळेल.

फेरेस्टाचे दोन प्रकार जाहीर झाले. साध्या प्रकारात ०.१९ टनांची मर्यादा, तर ‘प्लस’ प्रकारात उरलेलं उत्सर्जन कार्बन क्रेडिटने फेडून शून्य दाखवलेलं. माझ्या लेखी साधा प्रकार जास्त मोलाचा. त्यातला प्रत्येक किलो भट्टीत, विजेत आणि यार्डात कमी केलेला आहे. क्रेडिट विकत घेऊन शून्य गाठणं हा हिशेबाचा भाग झाला, त्यात पोलाद बनवण्याची रीत तसूभरही बदलत नाही.

मोठ्या समूहाला भट्टी, फोर्ज आणि पवनचक्की सगळं एका छत्राखाली आणता येतं. भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपवाल्याला ते शक्य नाही. पण एक गोष्ट त्याच्या हातात आहे आणि तिला भांडवल लागत नाही. सीएनसी यंत्राखालचं टर्निंग, म्हणजे कातताना पडणारा कीस, ग्रेडनुसार वेगळ्या ड्रममध्ये ठेवा. ईएन-२४ मध्ये निकेल असतं. ते वेगळं राहिलं तर भट्टीत परत निकेल म्हणूनच कामाला येतं, ईएन-८ मध्ये मिसळलं तर वाया जातं. तेल निथळू द्या, पितळ-तांब्याचा तुकडा आत पडू देऊ नका, आणि ड्रमवर खडूने ग्रेड लिहा. भंगारवाल्याकडून वेगळ्या मालाचा वेगळा भाव मागून घ्या, तो मिळतो.