संग्रहालयातली मुंबई

सुट्टीच्या दिवशी भायखळ्याला राणीच्या बागेत झुंबड उडते ती पेंग्विन बघायला. बागेच्या दाराशीच १८७२ साली खुलं झालेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिकडे वळणारी कुटुंबं त्या मानाने थोडीच. बाहेर उभ्या असलेल्या दगडी हत्तीजवळ पोरांचे फोटो काढले की झालं! हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलतानाच तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते तुकडे जोडून हत्ती इथे उभा केला. जवळून पाहिलं तर सांधे दिसतात.

हे संग्रहालय उभारण्यात जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी या दोघांचा मोठा वाटा. भाऊ दाजी गोव्यातल्या मांद्र्याचे. पेशाने डॉक्टर, पण जीव शिलालेखांत रमलेला. या शहरातल्या बहुतेक संस्थांची जन्मकथा अशीच आहे. सरकारचा हात फिरला, पण पैसा आणि हौस गावची होती. आतल्या मातीच्या छोट्या प्रतिकृती माझ्या विशेष आवडीच्या. कारागीर, फेरीवाले, जातीजातींच्या पगड्या यांत आहेत. पगडीचा पीळ पाहून माणूस कुठल्या आळीतला ते ओळखावं, इतकं बारीक काम. २००३ ते २००८ या काळात वास्तूचा जीर्णोद्धार झाला आणि त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा थाट निराळा. जॉर्ज विटेटची ही इमारत बांधून झाली आणि महायुद्ध आलं, त्यामुळे आधी तिथे लष्करी इस्पितळ थाटलं गेलं. लोकांसाठी दारं उघडली १९२२ मध्ये. टाटा बंधूंचा संग्रह इथे आहेच, पण मराठी माणसाने पुरुषोत्तम मावजींच्या संग्रहाचीही चौकशी करावी. त्यातल्या काही वस्तू नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या वाड्यातून आलेल्या. अलीकडे या संस्थेने बसमध्येच प्रदर्शन मांडून ती शाळाशाळांतून फिरवायला सुरुवात केली. लोक येत नाहीत म्हणून कुरकुरत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या सगळ्यांना ठाऊक आहेत, निदान सिनेमातून तरी. आतला ऐवज मात्र अभ्यासकांपुरताच राहिला. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा एका दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक निघाले. ते या सोसायटीकडे आहेत. हे भगवानलाल भाऊ दाजींच्याच हाताखाली शिलालेखांचे ठसे घेत तयार झालेले. विरारच्या लोकलमधून नालासोपाऱ्याला रोज उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

१८९८ पासूनचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय वर्गणीदारांच्या जिवावर तगलं. २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात अंबानींचं सांस्कृतिक केंद्र उघडलं, तिथे झगमगाटाला तोटा नाही. अशी ठिकाणं असावीत, पण त्यांची वर्णनं इतरत्र पुष्कळ छापून येतात.

मला खटकतं ते वेगळंच. भायखळ्याच्या मातीच्या माणसांनंतर कष्टकरी मुंबई आपल्या दालनांतून जवळजवळ गायबच होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि लाखो घरांची घडी विस्कटली. त्या गिरणगावाची आठवण जपायला काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर संग्रहालय करायचं ठरलं, आणि काम रेंगाळत राहिलं. दरम्यान जुनी कामगार माणसं एकेक करून जाताहेत. साचा कसा चालायचा, तुटलेला धागा कसा सांधायचा, हे त्यांच्याच तोंडून आताच नोंदवून घ्यायला हवं. त्यासाठी इमारत पुरी होण्याची वाट बघायचं कारण नाही. एक ध्वनिमुद्रक आणि चार चिकाटीची पोरं पुरेत.

या बाबतीत बेस्टने मात्र आपल्यापुरती सोय केली आहे. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली. त्या ट्रामच्या काळापासूनची बेस्टची कहाणी आणिक आगारातल्या छोट्या संग्रहालयात मांडलेली आहे. नातवाला घेऊन जावं आणि आपणच त्याला सगळं समजावून सांगावं.