अवटू ग्रंथीची शस्त्रक्रिया : तज्ज्ञाची निवड

दादरच्या गायनवर्गातील शिक्षिका असो वा लालबागच्या बाजारातील विक्रेता, गळ्यावर गाठ दिसताच प्रथम भीती वाटते ती कर्करोगाची. वास्तविक अवटू ग्रंथीच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. आवाजाचा प्रश्न मात्र या ग्रंथीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत उद्भवतो.

फुलपाखराच्या आकाराच्या या ग्रंथीच्या मागून दोन्ही बाजूंनी स्वरयंत्राकडे मज्जातंतू जातात. एकास इजा झाल्यास आवाज घोगरा होतो. दोहोंस झाल्यास श्वास घेणेच कठीण होते. वरच्या टोकाजवळील एक बारीक शाखा उंच स्वर लावण्यास साहाय्य करते. गायिकेच्या दृष्टीने तिचे मोल सांगावयास नको. मागे चिकटलेल्या, बहुधा चार असणाऱ्या चिमुकल्या परावटू ग्रंथी रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. त्या दुखावल्यास ओठांभोवती मुंग्या येतात, हातपाय आखडतात.

म्हणूनच शल्यचिकित्सकाचा हात सरावलेला असणे महत्त्वाचे होय. वर्षाकाठी पंचवीसहून अधिक अशा शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळते, असे अमेरिकेतील २०१७ च्या एका अभ्यासात दिसून आले. तेव्हा "आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?" असे विचारण्यात संकोच कसला? चाळीतल्या शेजाऱ्याची शिफारस आपुलकीची असते खरी, परंतु तिच्यातून हा आकडा कळत नाही.

पदवीची खातरजमा सोपी आहे. एम.बी.बी.एस. नंतर सामान्य शल्यचिकित्सा किंवा कान-नाक-घसा या विषयातील पदव्युत्तर शिक्षण पाहावे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक औषधचिठ्ठीवर असणे २००२ च्या विनियमांनुसार आवश्यक आहे.

परळच्या परिसरात या बाबतीत मोठीच सोय आहे. १९२६ साली सुरू झालेले के.ई.एम. रुग्णालय आणि १९४१ साली स्थापन झालेले टाटा स्मारक रुग्णालय येथेच आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटरही १९६३ पासून याच भागात आहे. ग्रंथी अतिक्रियाशील असल्यास अनेकांना गोळ्यांनी किंवा किरणोत्सारी आयोडिनने गुण येतो; सुरीची गरजच पडत नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया का हवी, अर्धी ग्रंथी काढणे पुरेल काय, हे प्रश्न आधी विचारावेत. संपूर्ण ग्रंथी काढल्यास संप्रेरकाची गोळी जन्मभर घ्यावी लागते.

सोनोग्राफी व सुईने घेतलेल्या पेशींच्या तपासणीचे अहवाल जपून ठेवावेत. आवाजात आधीच बदल झाला असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी स्वरयंत्राची तपासणी अवश्य करून घ्यावी.