अभिजात क्रीडामोटारीतील क्लच-विलगीकरणाच्या दोषांचे निदान : ‘एमजीबी’ मोटारीच्या संदर्भात

बीजसंज्ञा : क्लच, द्रवचालित यंत्रणा, दोषनिदान, अभिजात मोटार

प्रस्तावना

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या कालखंडात पाच लाखांहून अधिक ‘एमजीबी’ क्रीडामोटारी तयार झाल्या. जगभरातील संग्राहकांनी त्यांपैकी अनेक आजही चालू स्थितीत जतन केल्या आहेत. या मोटारीत पेडल पूर्ण दाबूनही क्लच न सुटणे, ही वारंवार उद्भवणारी तक्रार होय. तिचे महत्त्व विशेष आहे, कारण या मोटारीची गिअरबॉक्स एकटी खाली उतरविता येत नाही. क्लचपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनच बाहेर काढावे लागते. चुकीच्या निदानाची किंमत म्हणून मोठा खर्च आणि जुन्या सुट्या भागांची अनावश्यक झीज पदरी पडते. प्रस्तुत लेखात हे निदान कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन केले आहे.

यंत्रणेचे स्वरूप

पेडल दाबले असता मास्टर सिलिंडरमधील पिस्टन द्रवास पुढे ढकलतो. हा द्रव नळीवाटे गिअरबॉक्सलगतच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातो व तेथील पुशरॉड फोर्क हलवितो. फोर्कवरील ग्रॅफाइटचे रिलीज बेअरिंग डायफ्रॅम स्प्रिंगवर दाब देते आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून मोकळी होते.

द्रव दाबला जात नसल्याने दोन्ही सिलिंडरांतील विस्थापित घनफळ समान असते. म्हणून पिस्टनचे सरकणे व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. मास्टर व स्लेव्ह यांच्या व्यासांचे प्रमाण ३:५ मानल्यास मास्टरमधील १ मि.मी. सरकण्यातून स्लेव्हकडे केवळ ०.३६ मि.मी. हालचाल मिळते. बळ वाढते, परंतु अंतर घटते. त्यामुळे पेडलच्या बाजूस वाया गेलेले थोडे अंतरही पुढे जाणवते.

लक्षणांची शहानिशा

क्लच घसरणे आणि क्लच न सुटणे हे भिन्न दोष आहेत. पहिल्यात इंजिनाचा वेग वाढूनही गाडी वेग घेत नाही. दुसऱ्यात गिअर बदलताना अडथळा व खरखर जाणवते. पडताळणीसाठी गाडी उभी असताना पेडल दाबून काही क्षण थांबावे व रिव्हर्स गिअर टाकावा. तरीही खरखर झाल्यास क्लच पूर्ण सुटत नाही, असे समजावे. १९६७ पूर्वीच्या गाड्यांत पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेशची सोय नव्हती. म्हणून चालत्या गाडीत त्या गिअरचा आवाज हा स्वतंत्र पुरावा ठरत नाही.

निर्णायक मोजमाप

सहायकास पेडल पूर्ण दाबावयास सांगून स्लेव्हच्या पुशरॉडची हालचाल पट्टीने मोजावी. साधारण अर्धा इंच, म्हणजे सुमारे १२.७ मि.मी., हा व्यवहारात निकष मानला जातो. हालचाल अपुरी असल्यास दोष बाहेर आहे; पुरेशी असूनही क्लच सुटत नसेल तर तो आत आहे. या एका मोजमापाने अर्धे निदान होते.

बाह्य दोष

प्रथम पेडल व मास्टरचा पुशरॉड यांना जोडणारी पिन तपासावी. पिन झिजते व तिचे छिद्र लांबट होते. येथे ३ मि.मी. वाया गेल्यास वरील प्रमाणानुसार स्लेव्हकडील सुमारे १.१ मि.मी., म्हणजे आवश्यक हालचालीचा जवळजवळ बारावा हिस्सा, नष्ट होतो. उपाय मात्र अल्पखर्चाचा असतो.

पेडल वारंवार मारल्यास क्लच सुधारत असेल, तर नळीत हवा असण्याची शक्यता असते. पेडल दाबून धरले असता ते हळूहळू खाली जात असेल व गळती दिसत नसेल, तर मास्टरमधील रबरी सीलवरून द्रव मागे जात असावा. स्लेव्हच्या रबरी टोपणाखालील ओल त्याच्या सीलची गळती दर्शविते. जुनी लवचिक नळी दाबाखाली फुगत असल्यासही हालचाल घटते. गॅरेजमध्ये ‘ब्रेक ऑइल’ हे नाव रूढ असले तरी ते खनिज तेल नव्हे. खनिज तेल भरल्यास सील फुगून निकामी होतात.

लांब पुशरॉड बसविण्याचा उपाय काही वेळा सुचविला जातो. तो निरर्थक आहे. ही यंत्रणा स्वयंसमायोजित असल्याने स्लेव्हचा पिस्टन तेवढाच मागे बसतो. मिळणारे अंतर वाढत नाही.

आंतरिक दोष

हालचाल पुरेशी असल्यास फोर्कची धुरी, झिजलेले ग्रॅफाइट, वाकलेली क्लच प्लेट अथवा क्रँकशाफ्टच्या टोकातील जाम झालेले बुश यांचा विचार करावा. गाडी दीर्घकाळ उभी राहिल्यास गंजामुळे प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. तेव्हा दोष झिजेचा नसून वापराच्या अभावाचा असतो. इंजिन काढण्याचा निर्णय याच टप्प्यावर समर्थनीय ठरतो. सिग्नलला पेडल दाबून न धरता गाडी न्यूट्रलमध्ये ठेवल्यास ग्रॅफाइटचे आयुष्य वाढते.

निष्कर्ष

लक्षणाची खातरजमा, मोजमाप, बाह्य तपासणी व शेवटी अंतर्गत उकल हा क्रम पाळल्यास अनावश्यक खर्च टळतो. सुटे भाग अंदाजाने बदलत जाण्यापेक्षा प्रत्येक पायरीवर एक शक्यता पुराव्याने बाद करणे अधिक शास्त्रीय होय. यंत्रवारशाच्या जतनात मूळ भाग शक्य तितके टिकविणे अभिप्रेत असल्याने येथे अचूक निदान हेच संवर्धनाचे पहिले साधन ठरते.