कॉफी : थोडी घ्या, ताजी घ्या

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. ठोक घेतले की भाव कमी पडतो आणि तागा नीट ठेवला तर वर्षभर पडून राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही, हा हिशोब आमच्या अंगात मुरलेला आहे. तोच हिशोब आम्ही एकदा कॉफीला लावला आणि नुकसान करून घेतले. त्यातून जे शिकलो ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहोत.

काही वर्षांपूर्वी रेशमी मालाच्या खरेदीसाठी आम्ही बंगळूरच्या चिकपेठेत गेलो होतो. निघताना एका दुकानातून चार किलो दळलेली कॉफी घेतली. जास्त घेतल्यामुळे किलोमागे चांगली सूट मिळाली होती. घरी जागा नव्हती, म्हणून तो पुडा दुकानाच्या कपाटात, साड्यांखालच्या फळीवर ठेवला. त्याच कपाटात कसरीसाठी डांबराच्या गोळ्या होत्या. दोन महिन्यांनी हुबळीचे एक जुने व्यापारी आले. पंचवीस वर्षांचा व्यवहार. आम्ही हौसेने घरून कॉफी करवून आणली. त्यांनी दोन घोट घेतले, कप हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "भाईसाब, आज चहाच मागवा." पुडा हुंगून पाहिला तेव्हा कॉफीचा वास नावालाच उरला होता, बाकी सगळा डांबरगोळीचा. अडीच किलो कॉफी फेकावी लागली. सुटीत वाचवलेले पैसे गेलेच, पण मेहमानासमोर मान खाली गेली ती वेगळी.

दोष दुकानदाराचा नव्हता. माल कोणता आहे आणि त्याचा स्वभाव काय, हे आम्हीच पाहिले नव्हते.

दाण्याची ओळख

उर्दू शाळेत आम्ही 'कहवा' हा शब्द शिकलो तेव्हा ती दूर अरबस्तानातली गोष्ट वाटायची. पण हा दाणा आपल्या शेजारीच पिकतो. हजच्या सफरीवरून परतताना सूफी बाबा बुदन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. काळ सतराव्या शतकातला. ते डोंगर आजही बाबाबुदनगिरी म्हणूनच ओळखले जातात. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. चिकमगळूर, कोडगू आणि हासन हे तिचे मुख्य जिल्हे.

बाजारात मुख्य जाती दोन. अरेबिकाचा दाणा लांबट असतो आणि त्याच्या पोटावरची रेघ थोडी वळणदार असते. चव सौम्य, सुगंध जास्त. रोबस्टाचा दाणा गोलसर, रेघ सरळ, चव कडवट आणि दाट. त्यात कॅफीनही अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. ज्याला दूध घालून कडक कॉफी आवडते त्याने दोन्हींचे मिश्रण घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

पुड्यावर 'प्लांटेशन ए', 'डबल ए', 'पीबेरी' असे शब्द दिसतात. 'प्लांटेशन' म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका. 'चेरी' म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेला माल. ए आणि डबल ए हे चाळणीचे माप आहे, म्हणजे दाण्याचा आकार. फळात सहसा दोन दाणे असतात. ज्यात एकच गोल दाणा भरतो ती पीबेरी. मोठा दाणा दिसायला देखणा असतो आणि भावही जास्त घेतो, पण नुसत्या आकारावरून चव ठरत नाही. कापडाचा पन्हा मोठा म्हणून पोत चांगला असे आपण म्हणतो का? तसेच हे.

दाणे हातात घेऊन पाहावेत. आकार व रंग सारखा असावा, तुटके आणि काळे जळलेले दाणे कमी असावेत. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे भाजले कधी? दुकानदाराला तारीख सांगता येत नसेल तर तेथून पाव किलोही घेऊ नये.

चिकोरी आणि खळ

कापडाला खळ घातली की ते भरदार वाटते, पहिल्या धुण्यात खरे काय ते कळते. कॉफीत चिकोरी तेच काम करते. ती एका झाडाची भाजलेली मुळी. तिने रंग आणि दाटपणा येतो. पुष्कळांना ती चव आवडते आणि कायद्याने तिला मनाई नाही. मात्र मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचे प्रमाण पुड्यावर छापलेले हवे. खुल्या पुडीची शंका आली तर ग्लासभर थंड पाण्यावर चिमूटभर टाकून पाहावी. कॉफी वर तरंगत राहते. चिकोरी खाली बसू लागते आणि पाण्यात तपकिरी रेघा सुटतात.

साठवण

न भाजलेला हिरवा दाणा कोरड्या जागेत कित्येक महिने राहतो. भाजला की त्याची घडी सुरू होते. पहिले काही दिवस त्यातून वायू बाहेर पडतो, म्हणून चांगल्या पुड्याला बारीक झडप असते. मग हवा लागून सुगंध उडतो आणि आतले तेल खवट होते. अख्खा भाजलेला दाणा तीन-चार आठवडे चांगला. दळलेली पूड काही दिवसांतच उतरते. म्हणून दाणे घेऊन लागतील तसे दळावेत. यंत्र नसेल तर आठवड्यापुरतीच पूड दळून आणावी.

दाणा भोवतालची ओल आणि वास ओढून घेतो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना मलबारची कॉफी महिनोन्‌महिने दमट हवेत फुगून फिकट व्हायची. ती चव तिकडे इतकी रुजली की आता पश्चिम किनाऱ्यावर मुद्दाम पावसाळी वारे देऊन 'मॉन्सून्ड मलबार' तयार करतात. ते जाणकारांच्या देखरेखीखाली, आणि भाजण्याआधी. आपल्या स्वयंपाकघरात भाजलेला दाणा असा दमट झाला तर तो वायाच जातो.

म्हणून डबा हवाबंद, कोरडा आणि उजेड आत न जाणारा असावा. चुलीपासून व मसाल्यांपासून दूर ठेवावा. ओला चमचा घालू नये. फ्रिजमध्ये ठेवू नये, तेथे ओल धरते आणि कांदा-लसणाचा वास लागतो. जास्त माल आलाच तर लहान पुड्या पक्क्या बंद करून बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. एक पुडी काढली की बाहेरच्या हवेइतकी झाल्यावरच उघडावी आणि परत आत ठेवू नये.

हिशोब सोपा आहे. कपाला सुमारे १० ग्रॅम धरले आणि घरात रोज चार कप होत असतील, तर पाव किलो सहा दिवस पुरते. मग चार किलो कशाला?

दुकानदार बांधवांना

१९९६ मध्ये कॉफी बोर्डाची सक्तीची खरेदी संपली आणि मळेवाल्याला आपला माल थेट विकण्याची मोकळीक मिळाली. त्यामुळे लहान दुकानदारालाही चांगला दाणा मिळवणे आता अवघड नाही. जे बांधव किराण्यात कॉफी ठेवतात त्यांनी माल थोडा मागवावा, पुडीवर भाजल्याची तारीख आणि चिकोरीचे प्रमाण स्पष्ट लिहावे. एक पेन आणि दोन ओळी, एवढाच खर्च. गिऱ्हाईक भावासाठी एकदा येते, पण विश्वासासाठी जन्मभर येते. कापडात हे आम्ही रोज पाहतो.

हुबळीचे ते व्यापारी मागच्या हंगामात पुन्हा आले. आता आमचा डबा घरी असतो, पाव किलोचा. त्या दिवशी दाणे त्यांच्यासमोरच दळले. त्यांनी कप संपवला आणि दुसरा मागितला. सौदा त्यानंतर झाला.