चौकातले मिग पुन्हा उडेल का?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले, तेव्हा टीव्हीवाल्यांचे कॅमेरे आकाशाकडे रोखलेले होते. शेवटची भरारी, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी, खुद्द हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग कॉकपिटमध्ये. या धामधुमीत एक गोष्ट फारशी कोणी दाखवली नाही. हवाई दलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांच्या हाती एक वही दिली. हवाई दलात तिला फॉर्म ७०० म्हणतात. विमान किती तास उडाले, कोणता स्नॅग निघाला, तो कोणी काढला, कोणी तपासून सही केली, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. वैमानिक आधी त्या वहीवर सही करतो, मगच शिडी चढतो. वही मिटली की विमान संपले, मग त्याचा रंग कितीही चकचकीत असो.

आमच्या खान्देशात मिग म्हटले की चंदीगडच्या आधी ओझर आठवते. ते गावच मुळी ‘ओझर मिग’ म्हणून ओळखले जाते. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ मिगचा कारखाना उभा राहू लागला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी वाटणी झाली. आधी रशियाहून आलेले सुटे भाग जोडायचे, मग हळूहळू कच्च्या मालापासून सगळे इथेच घडवायचे, असा तो प्रवास होता. हवाई दलाने वापरलेल्या साधारण साडेआठशे मिग-२१ पैकी बहुतेक ओझरच्या शेडमधून बाहेर पडली. बोदवड, भुसावळ, जामनेर भागातली आयटीआय झालेली कितीतरी पोरे मनमाडमार्गे नाशिकला गेली आणि तिथलीच झाली. नाशिकच्या सिडकोत किंवा सातपूरला फेरफटका मारा, खान्देशी बोली कानावर पडल्यावाचून राहत नाही. त्यामुळे मिग निवृत्त झाल्याची बातमी इकडच्या घरांत जरा वेगळ्या सुरात ऐकली गेली.

त्या वेळेपासून एक प्रश्न सारखा कानावर येतो. चौकाचौकांत, शाळांच्या आवारात चबुतऱ्यांवर विमाने उभी केलेली आहेत. त्यातले एखादे उतरवून, साफसूफ करून, इंधन भरून पुन्हा उडवता येणार नाही का? विलायतेत जुनी जेट विमाने उडवतातच ना?

उडवतात, पण चबुतऱ्यावरचे बहुधा नाही. चबुतऱ्यावर जाणाऱ्या विमानातून कामाच्या वस्तू आधी काढून घेतात. त्यानंतर पावसाचे पाणी सांध्यांत मुरते, उन्हाने रबर चिरते, हवेच्या तोंडातून पाखरे आत शिरून संसार थाटतात. दहा वर्षांनी उरते ते विमानाच्या आकाराचे पत्र्याचे शिल्प. जुने जेट उडवायचे असेल तर ते उडते असतानाच हाती घ्यावे लागते, त्याच्या वहीसकट. वहीत खंड पडला तर प्रत्येक भागाचा इतिहास नव्याने सिद्ध करावा लागतो, आणि ते काम नवे विमान बांधण्याइतके महाग पडते.

कारण जेटमधल्या हरेक गोष्टीला मुदत असते. काही भागांची मुदत उड्डाणाच्या तासांत मोजतात, काहींची कॅलेंडरवर. टायर किती वेळा जमिनीला टेकला ते मोजतात. हायड्रॉलिकच्या नळ्या, इंधनाच्या टाक्यांचे अस्तर, पंपांमधले रबरी पडदे, सील हे सगळे विमान हँगरमध्ये नुसते उभे असले तरी म्हातारे होत राहते. विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन वर्षभर पडून राहिले की जाम होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जेटचेही तसेच, फरक इतकाच की जेट अडले तर खाली उतरून हँडल मारता येत नाही.

सगळ्यात चमत्कारिक मुदत खुर्चीची. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट बारुदाच्या काडतुसांवर चालते. बोदवडपासून जवळच वरणगावला आयुध निर्माणी आहे, भुसावळलाही आहे. तिथे नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, दारूगोळ्याला लॉट असतो, तारीख असते आणि ती तारीख उलटलेल्या मालावर कोणी आपला जीव टांगत नाही. वरणगावात बंदुकांच्या गोळ्या बनतात, खुर्चीची काडतुसे वेगळी, पण नियम तोच. ही ‘पॉवर काडतुसे’ बाहेरून मागवत बसावे लागू नये म्हणून पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने ती देशात विकसित केली. विमान सेवेत असते तोवर ती बनत राहतात. विमान गेले की एका म्हाताऱ्या जेटसाठी पाच-सहा काडतुसांचा लॉट कोण काढणार? आणि काडतुसाविना ती खुर्ची म्हणजे साधे लोखंड.

इंजिनाची कथा आणखी निराळी. मिग-२१ चे इंजिन बाहेर काढायचे तर विमानाचे कंबरेतून दोन तुकडे करावे लागतात. शेपटीकडचा भाग बोल्ट सोडवून ट्रॉलीवर मागे ओढायचा, मग इंजिन उघडे पडते. बोरोस्कोपची बारीक दुर्बीण आत घालून पात्यांवर टवका उडालाय का, तडा गेलाय का ते पाहायचे. या रशियन इंजिनांची ताकद दांडगी आणि आयुष्य तोकडे, काहीशे तास झाले की ओव्हरहॉल. सांगाड्यातल्या थकव्याच्या भेगा तर डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यासाठी रंगद्रव्य, क्ष-किरण, ध्वनिलहरी अशा तपासण्या कराव्या लागतात. नेमके कुठे शोधायचे हे पुस्तकात असते, पण ‘इथे जास्त बघ’ हे मात्र पंचवीस वर्षे तेच काम केलेला माणूस सांगतो.

विलायतेतला सर्वांत मोठा प्रयोग व्हल्कन बॉम्बरचा. एक्सएच ५५८ हे चार इंजिनांचे अजस्र विमान ब्रिटिश हवाई दलाने १९९३ मध्ये विकून टाकले. लोकवर्गणी आणि लॉटरी निधीतून ते दुरुस्त झाले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये पुन्हा उडाले. इंजिने नवी बनणे केव्हाच थांबले होते. जुन्या साठ्यातली न वापरलेली मोजकी इंजिने हीच पुंजी. २०१२ मध्ये त्यातली दोन एका क्षणात गेली, कशाने म्हणाल तर ओल शोषून घेण्यासाठी ठेवलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या हवेच्या तोंडात राहून गेल्या आणि इंजिनाने त्या गिळल्या. पुढे पंखांची मजबुती केली, त्यावर आणखी दोन मोसम निघाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये व्हल्कन कायमचे उतरले. त्याला पाठबळ देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी हात काढून घेतला होता. त्या जातीचे विमान जाणणारी माणसे आपल्याकडे पुरेशी उरली नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. वर्गणीने पैसा जमतो, चाळीस वर्षांपूर्वीचा फोरमन जमत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शोरहॅमच्या हवाई प्रदर्शनात हॉकर हंटर कोसळले. रस्त्यावरची अकरा माणसे गेली. हंटर आपल्याही हवाई दलात १९५७ पासून कित्येक वर्षे होते, १९७१ मध्ये लोंगेवालाला रणगाडे फोडणारे तेच. शोरहॅमच्या अपघाताचे कारण पुरेशी उंची न गाठता मारलेली कोलांटी हे होते. पण तपासात इतरही गोष्टी निघाल्या: खुर्चीच्या काडतुसांची मुदत टळून गेलेली, इंजिनाच्या इंधनपंपातला रबरी पडदा खराब झालेला. यांनी अपघात झाला नाही, पण वही नीट नव्हती हे उघड झाले. त्यानंतर ब्रिटनने जुन्या जेटांनी समुद्राऐवजी जमिनीच्या वर केलेल्या हवाई कसरतींवर कडक बंधने घातली.

मग आपल्याकडे काय आहे? हवाई दलाची व्हिंटेज फ्लाइट आहे, तिच्यात टायगर मॉथ आहे, हार्वर्ड आहे आणि २०१८ मध्ये इंग्लंडहून उडत आलेले डाकोटा आहे. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते भंगारातून मिळवून दुरुस्त करवले आणि हवाई दलाला भेट दिले. नाव परशुराम, क्रमांक व्हीपी ९०५, म्हणजे ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैनिक घेऊन गेलेल्या डाकोटाचा. पण ही सगळी पंख्याची विमाने. त्यांची इंजिने जगभर शेकडोंनी मिळतात, वेग कमी, बिघाड झालाच तर एखाद्या वावरात उतरवण्याची थोडीफार आशा असते. हवाई दलाने पहिले जेट, व्हँपायर, १९४८ मध्येच घेतले होते. त्याचा नाकाकडचा भाग चक्क लाकडाचा, प्लायवूडच्या पाट्यांमध्ये हलके बाल्सा भरून सरसाने चिकटवलेला! जेट आणि सुतारकाम एकाच विमानात. युरोपच्या थंडीत काही व्हँपायर आजही उडतात. आपल्या दमट पावसाळ्यात त्या सरसाचे काय होईल, याचा विचार कुणा सुताराने केलेला बरा.

मिग-२१ उडते ठेवण्याची मागणी मात्र भावनेच्या भरात होते असे मला वाटते. अमेरिकेत काही खासगी मालक ते उडवतात, हे खरे. पण ते एका इंजिनाचे, छोट्या त्रिकोणी पंखांचे, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावपट्टीला टेकणारे आणि पॅराशूट सोडून थांबणारे विमान आहे. इंजिन बंद पडले की ते तरंगत नाही, खाली येते. १९७१ पासून एप्रिल २०१२ पर्यंत मिग जातीच्या ४८२ विमानांना अपघात झाले आणि १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले, ही माहिती संरक्षणमंत्री असताना ए. के. अँटनी यांनी संसदेत दिली होती. ज्यांची मुले त्यात गेली त्यांच्यासमोर प्रदर्शनासाठी ते पुन्हा उडवायचे, तर कारण फार मोठे हवे. मला ते दिसत नाही.

एखादे जुने भारतीय जेट आकाशात ठेवायचेच असेल तर माझे मत किरणला. बेंगळुरूच्या एचएएलने घडवलेले हे प्रशिक्षणाचे विमान १९६४ मध्ये पहिल्यांदा उडाले. सरळ पंख, शेजारी-शेजारी दोन आसने, वेग बेताचा, वागणे समजूतदार. १९९६ ते २०११ या काळात बिदरच्या सूर्यकिरण चमूने याच विमानावर देशभर कसरती दाखवल्या. हवाई दलाच्या दोन-तीन पिढ्यांनी त्यावर हात बसवला आहे, त्यामुळे त्याला हाताळणारे तंत्रज्ञ आणि वैमानिक अजून नोकरीत किंवा नुकते निवृत्त झालेले आहेत. शेवटची किरण निवृत्त होण्याआधीच चांगल्या वहीची दोन-तीन विमाने, इंजिने, सुटे भाग आणि खुर्च्यांची काडतुसे बाजूला काढून ठेवली पाहिजेत. नंतर निघालो तर व्हल्कनसारखी वर्गणी गोळा करत फिरावे लागेल.

ओझरकडे वेगळे काम सोपवता येईल. तिथे एचएएलच्या मिग कारखान्याशेजारीच हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. सुखोई-७, मिग-२१, मिग-२३, मिग-२९ अशी लढाऊ विमाने पूर्ण उघडून पुन्हा जोडण्यात त्याचा जन्म गेला, आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथे ओव्हरहॉल झालेले पहिले सुखोई-३० हवाई दलाला मिळाले. मिगचे साचे, जिग, रशियन पुस्तके, त्यांवर तेलाच्या बोटांनी केलेल्या खुणा हे सगळे याच परिसरात आहे किंवा होते. नव्या कामाला जागा हवी म्हणून असले सामान भंगारात जायला वेळ लागत नाही. एक मिग-२१ तिथे चालू स्थितीत ठेवावे, न उडवता. महिन्यातून एकदा इंजिन सुरू करावे, धावपट्टीवर पळवावे, पॅराशूट सोडून थांबवावे. वर्षातून एकदा लोकांसमोर त्याचे दोन तुकडे करून इंजिन बाहेर काढावे, म्हणजे आयटीआयच्या पोरांना हे काम काय असते ते कळेल, आणि सिडकोतल्या निवृत्त फिटरला खुर्ची टाकून देऊन ‘इथे जास्त बघ’ म्हणायला लावावे.

इंग्लंडमध्ये अशी ‘पळणारी’ विमाने बरीच आहेत. फक्त गॅसची दांडी वेळेवर मागे ओढणारा माणूस शेजारी हवा. मे २००९ मध्ये ब्रंटिंगथॉर्पच्या धावपट्टीवर व्हिक्टर हे जुने बॉम्बर असेच प्रेक्षकांसाठी पळवत होते. ठरलेल्या क्षणी सहवैमानिकाने ताकद कमी केली नाही, आणि उडण्याचा परवानाच नसलेले ते अजस्र विमान जमीन सोडून वर गेले. मुख्य वैमानिकाने ते सावरून पुन्हा धावपट्टीवर आणले. तिथल्या विमान प्राधिकरणाने कारवाई केली नाही, व्हिक्टर मात्र पुढेही जमिनीवरच पळत राहिले.