बालकांतील मूत्राश्मरी : निदान व उपचार

प्रस्तावना

मूत्राश्मरी अर्थात मुतखडा हा प्रौढांचाच विकार आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. तथापि वातज, पित्तज व कफज अश्मरी प्रामुख्याने बालकांत होतात, असे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात नमूद आहे. केवळ धान्यावर भर व दुधाची उणीव अशा आहारामुळे मुलांच्या मूत्राशयात खडे होत असत. आहार सुधारला तसे त्यांचे प्रमाण घटले. आता बहुतांश खडे मूत्रपिंडात व मूत्रवाहिनीत आढळतात. बालकांत खडा काढणे हे उपचाराचे निम्मे कार्य असून तो का झाला याचा शोध घेणे तितकेच आवश्यक आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

निदान

लहान बालकास दुखणे सांगता येत नाही. लघवी करताना रडणे, लघवीत रक्त येणे, अकारण ताप, मूत्रमार्गाचा वारंवार होणारा जंतुसंसर्ग ही लक्षणे दिसल्यास प्रथम सोनोग्राफी करावी, कारण तीत किरणोत्सर्गाचा धोका नसतो. यूरिक आम्लाचे खडे साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाहीत. सीटी स्कॅन शंका उरल्यासच व अल्प मात्रेत करावा. २००८ मध्ये चीनमध्ये मेलामाइनमिश्रित दूध-भुकटीमुळे सुमारे ३ लाख बालके बाधित झाली व ६ दगावली. तेथेही खडे शोधण्यास सोनोग्राफीच उपयुक्त ठरली.

उपचार

५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. त्यासाठी भरपूर पाणी व वेदनाशामक औषधे पुरेशी होतात. मूत्रपिंडातील त्याहून मोठे, परंतु २ सेंटिमीटरपर्यंतचे खडे बाहेरून ध्वनिलहरींच्या आघाताने फोडता येतात. त्याहून मोठ्या खड्यांसाठी पाठीतून छिद्राद्वारे, तर मूत्रवाहिनीतील खड्यांसाठी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करतात. मार्ग अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाल्यास मात्र प्रथम तातडीने नळीद्वारे लघवीस वाट करून द्यावी लागते. खडा नंतर काढावा.

कारणमीमांसा

मिळालेला खडा फेकून न देता तपासणीस पाठवावा. २४ तासांच्या लघवीत प्रतिकिलो वजनामागे ४ मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असल्यास ते अतिरिक्त मानतात. ऑक्झलेट, सिट्रेट, यूरिक आम्ल व सिस्टीन यांचीही मोजणी करावी. प्राथमिक हायपरऑक्झल्युरिया हा आनुवंशिक विकार आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यास होतो व त्यात मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून मामेभाऊ-आतेबहिणीसारख्या नात्यातील विवाहाची माहिती अवश्य विचारावी. कॅल्शियम वाढल्याचे ऐकून पालक मुलाचे दूध बंद करतात. हे अयोग्य होय. दूध वयानुरूप चालू ठेवून मीठ कमी करावे, पाणी वाढवावे व आवश्यकतेनुसार पोटॅशियम सिट्रेट द्यावे.

समारोप

बालकापुढे दीर्घ आयुष्य असल्याने खडा पुन्हा होण्यास अवधीही दीर्घ असतो. वेदना थांबताच उपचार संपले असे न मानता कारणाचा शोध व नियमित सोनोग्राफी चालू ठेवणे, यातच त्याच्या मूत्रपिंडांचे रक्षण आहे.