गावाचं नाव छापलेला डॉलर

१८६३ ते १९३५ या काळात अमेरिकेतल्या हजारो बँका स्वतःच्या नावाने नोटा काढत. बँकेने सरकारी रोखे वॉशिंग्टनला तारण ठेवायचे आणि त्यांच्या आधारावर नोटा मिळवायच्या, अशी ती व्यवस्था. त्यामुळे नोटेवर बँकेचं आणि गावाचं नाव असे, सनदेचा क्रमांक असे आणि खाली कॅशिअर व अध्यक्षाच्या सह्या. कित्येक नोटांवर त्या चक्क शाईने केलेल्या असतात. मला या नोटांचं वेड लागलं ते या सह्यांमुळेच.

किंमत ठरवताना नवखा माणूस हमखास फसतो तो वयात. जुनी म्हणजे महाग, असं इथे नसतं. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नोटा आजही सहज मिळतात. उलट एखाद्या छोट्या गावातली बँक काही वर्षांतच बुडाली असेल, तर तिची मळकी, दुमडलेली नोटही संग्राहक हुडकत फिरतात. नोटेवर राज्याऐवजी ‘टेरिटरी’ (म्हणजे तेव्हा अजून राज्य न झालेला प्रदेश) असं छापलेलं असेल तर विचारायलाच नको. म्हणून आधी बँक पाहावी, तिच्या किती नोटा उरल्या आहेत ते शोधावं आणि मगच नोटेची अवस्था.

१९२९ नंतरच्या नोटा आकाराने लहान, तपकिरी शिक्क्याच्या. सुरुवातीला त्या परवडतात.

आणि कृपा करून नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. जाणकाराला ते लगेच कळतं आणि भाव उतरतो.